जुन्या ध्वनिपेट्यांची पारख

किनवट तालुक्यातील इस्लापूर हे गाव परगावच्या ज्या माणसाला ठाऊक असते त्याला ते बहुधा सहस्रकुंडामुळे ठाऊक असते. पैनगंगा जेथे काळ्या खडकावरून खाली कोसळते आणि नांदेड व यवतमाळ या दोन जिल्ह्यांची सरहद्द जेथे पाण्यातच कोठेतरी हरवते, त्या स्थळाचा घोष आषाढ-श्रावणात लांबवर ऐकू येतो, आणि तिकडे निघालेल्या वाटसरूला धबधबा दिसण्यापूर्वी त्याचा आवाज भेटतो. अशा मुलखात आवाज या विषयावर कोणी आस्थेने बोलू लागल्यास नवल वाटण्याचे कारण नाही. तथापि तेथील एका सेवानिवृत्त गुरुजींनी जेव्हा विलायती बनावटीच्या, सुमारे चाळीस वर्षे वयाच्या आणि एके काळी सधन माणसालाही दोनदा विचार करायला लावणाऱ्या स्पीकरांच्या एका जोडीचा विषय काढला, आणि ती घ्यावी किंवा न घ्यावी याबद्दल आमचे मत मागितले, तेव्हा वरकरणी साध्या दिसणाऱ्या या प्रश्नाच्या पोटात रसायनशास्त्र, हवामान, आयात-निर्यातीचे कायदे आणि मिस्त्रीचे हस्तकौशल्य असे किती विषय दडून बसले आहेत, याची आम्हांस प्रथमच जाणीव झाली.

जोडी नांदेडच्या एका कुटुंबाकडे होती. घरातील कर्ता मुलगा परदेशात नोकरीस होता. परत येताना त्याने घरसामानाबरोबर ती आणली, पुढे तो वारला किंवा वेगळा झाला असे काही नव्हे, केवळ फ्लॅट लहान पडू लागला आणि कमरेएवढ्या उंचीच्या त्या पेट्यांवर घरच्या मंडळींची नजर वाकडी झाली. मागितलेली किंमत एका चांगल्या लाल कंधारी बैलजोडीच्या किमतीच्या आसपास होती. विक्रेत्याचा मुख्य मुद्दा असा, की माल अस्सल आहे आणि तो फारसा वाजवलेलाच नाही. गुरुजींना हा मुद्दा निर्णायक वाटला होता. आम्हांला मात्र पुढे असे दिसून आले, की संपूर्ण व्यवहारात सर्वांत कमी वजनाचा मुद्दा कोणता असेल तर तो हाच.

त्याचे कारण समजण्यासाठी या यंत्राची रचना थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. आज घरोघर जो स्पीकर दिसतो त्याचे मूळ रूप अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोघा संशोधकांनी १९२५ साली मांडले, आणि त्याला शतक लोटले तरी त्याचे तत्त्व बदललेले नाही: लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेची एक हलकी गुंडाळी, तिला चिकटवलेला कागदाचा शंकू, आणि शंकूचा बाहेरचा काठ चौकटीला बांधून ठेवणारी एक लवचिक किनार. चुंबक, चौकट आणि पेटी या वस्तू दोन पिढ्या टिकू शकतात. किनार मात्र टिकत नाही, निदान ती फोमची असेल तर नाहीच. आणि गेल्या शतकाच्या सत्तरीनंतरच्या दोन-तीन दशकांत जेबीएल, इन्फिनिटी, अॅडव्हेंट यांसारख्या नामांकित अमेरिकन कारखान्यांनी आपल्या अनेक मॉडेलांत फोमचीच किनार वापरली. हा फोम हवेतील बाष्पाने आणि प्राणवायूने आतून कुजतो, स्पीकर वाजला काय किंवा न वाजला काय. कारखान्याच्या खोक्यात सीलबंद पडून राहिलेला नगदेखील पंधरा-वीस वर्षांनी उघडून पाहिला तर बोट लावताच किनारीचा भुगा होतो. किनवटचा परिसर म्हणजे मराठवाड्यातील त्यातल्या त्यात अधिक पावसाचा पट्टा, वर उन्हाळ्यातील नांदेडची काहिली. अशा हवेत फोमला दीर्घायुष्य लाभावे अशी अपेक्षा करणेच गैर. 'वापरलेले नाहीत' ही शिफारस म्हणूनच निरर्थक ठरते. याउलट ज्या पेट्यांत रबराची किंवा रोगण लावलेल्या कापडाची किनार आहे, त्या चाळीस वर्षांनंतरही निर्वेधपणे चालू असलेल्या आढळतात, आणि घेणाऱ्याने पहिली नजर टाकावयाची ती याच ठिकाणी.

लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावर घेणारा शेतकरी शिंगांच्या रंगाकडे नव्हे तर दाताकडे, खुराकडे आणि चालीकडे पाहतो. जुन्या स्पीकरांच्या बाबतीतही पॉलिशची झळाळी, पुढच्या कापडाचा ताजेपणा आणि कंपनीचा पितळी बिल्ला हा शिंगांचा रंग समजावा. कापडाची चौकट काढावी. दोन्ही हातांची बोटे शंकूवर समान अंतरावर ठेवून तो अगदी हलक्या दाबाने आत ढकलावा आणि कान जवळ नेऊन ऐकावे. काही घासल्याचा आवाज आला तर गुंडाळी फटीत वाकडी झाली आहे किंवा उष्णतेने तिचा गोंद सुटला आहे असे समजावे. मल्टीमीटर लावावा: ज्या स्पीकरावर आठ ओहम असे छापलेले असते तो साधारण साडेपाच ते सातच्या दरम्यान आकडा दाखवतो, आणि येथे पुष्कळ लोक घाबरतात, पण तसे होणे हेच बरोबर आहे. मात्र पेटीच्या मागील टोकांवर घेतलेले हे माप केवळ वूफरचे, म्हणजे खालच्या स्वरांच्या स्पीकरचे असते, ट्वीटरचे, म्हणजे वरच्या स्वरांच्या स्पीकरचे नव्हे, कारण ट्वीटरच्या वाटेवर कंडेन्सर बसलेला असतो आणि तो एकदिश प्रवाह पुढे जाऊ देत नाही. तेव्हा ट्वीटरची खातरजमा स्वतंत्रपणे, कानानेच करावी लागते. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावून पाहिल्यास वूफरचा शंकू बाहेर येतो की आत जातो यावरून तारांची उलटापालट कळते; जुन्या जेबीएलच्या बाबतीत हा संकेत उलटा होता एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, नाहीतर नीट असलेली जोडी नादुरुस्त ठरवली जाईल.

या सर्व परीक्षांत आम्हांला सर्वांत अधिक समर्पक वाटलेली परीक्षा मात्र यंत्राविना होणारी आहे. जुन्या रेडिओवर दोन केंद्रांच्या मधोमध काटा नेला म्हणजे जी अखंड खरखर ऐकू येते, तिच्यात खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत सर्व कंपने एकाच वेळी हजर असतात. सहस्रकुंडाच्या घोषाचेही काहीसे तसेच आहे. ही खरखर आधी डाव्या आणि मग उजव्या पेटीतून ऐकावी. गाण्याच्या मोहाने कान फसतो, कारण गाणे आपल्याला पाठ असते आणि जे उणे असेल ते मन भरून काढते. खरखरीला भरून काढण्यासारखे काही नसल्यामुळे दोन पेट्यांतील सूक्ष्म भेददेखील तत्काळ उघडा पडतो. गुरुजींची जोडी पाहण्यास आम्ही ज्या मिस्त्रींना सोबत नेले ते नांदेडला वर्षानुवर्षे स्पीकरांचे शंकू बदलण्याचा व्यवसाय करतात, त्यांनी अर्धे मिनिट ही खरखर ऐकली, मान हलवली आणि म्हणाले, “गुरुजी, उजवा मंद बोलायलाय. वरचा आवाज दबायलाय त्याचा. जाळी काढा, आपण उघडूनच बघू.” गुरुजींनी विक्रेत्याच्या संमतीने जाळी काढली. दोन्ही वूफरांची किनार फोमची आणि जागोजाग गळलेली होती, हे अपेक्षितच होते. परंतु उजव्या पेटीतील ट्वीटर मूळचा नव्हता, कोणीतरी कधीतरी बदलून दुसऱ्याच बनावटीचा बसवला होता आणि त्याच्या भोवतालच्या फटीत एम-सील भरले होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण जुन्या मालाच्या भक्तमंडळींत तिच्याबद्दल फार घोळ आहे. किनार गळणे हा मृत्यू नव्हे. फोमची नवी रिंग मिळते, चौकटीवरचा जुना गोंद खरवडून ती बसवणारे कारागीर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आहेत तसे मराठवाड्यातही आहेत, आणि हा खर्च अशा जोडीच्या किमतीच्या मानाने मामुली असतो. कंडेन्सरचेही तेच: विजेची दोन्ही टोके उलटसुलट चालणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर काही दशकांत सुकतात, त्यांचे माप सरकते आणि वरचे स्वर निस्तेज होतात, दोन्ही पेट्यांतील कंडेन्सर एकाच वेळी, एकाच मापाचे बदलले म्हणजे झाले. काही ट्वीटरांच्या फटीत लोहकणयुक्त तेल घातलेले असते, तेही कालांतराने घट्ट होते आणि साफ करून पुन्हा भरता येते. परंतु संपूर्ण शंकू बदलण्याची पाळी आली की प्रकरण अवघड होते. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे गणिताने सिद्ध केले, की पेटीचे आकारमान आणि शंकूचे वजन, लवचिकपणा व चुंबकाचे बळ यांचा परस्परांशी नेमका मेळ असावा लागतो. बाजारात मिळणारा जाडजूड कागदाचा शंकू चिकटवला तर स्पीकर वाजतो खरा, पण ज्या कारखान्याचे नाव त्याच्या कपाळावर आहे त्या कारखान्याचा तो राहत नाही. आणि ट्वीटर गेला, तो बनवणारा कारखाना बंद पडला, व त्याच जातीचा दुसरा नग मिळेनासा झाला, तर त्या जोडीचे नुकसान भरून येण्याजोगे नसते. मिस्त्रींच्या भाषेत सांगावयाचे तर, “किनार माझी जिम्मेदारी, ट्वीटर कंपनीची, आन् कंपनी कुठंय आता?”

असल्या वस्तू आपल्याकडे इतक्या दुर्मिळ का, आणि म्हणूनच त्यांच्याभोवती एवढी पूजाबुद्धी का, याचा विचार केला तर आपल्या आर्थिक इतिहासाचे एक पान उलगडते. रेडिओ ऐकण्यासाठी पोस्टात परवाना शुल्क भरावे लागत असे त्या काळात ध्वनिविषयक चैन हा शब्दप्रयोगच परका होता. खेड्यात आवाज म्हटला की तो दिल्लीच्या आहुजा कंपनीच्या भोंग्याचा, मग ते लग्न असो, सप्ताह असो की निवडणुकीची सभा. कलकत्त्याच्या सोनोडाइनने १९७० पासून स्वदेशी बनावटीची बरी यंत्रे दिली, परंतु १९९१ पर्यंत आयातीचे निर्बंध इतके कडक होते की क्वाड, टॅनॉय किंवा केफ ही नावे रसिकांना नियतकालिकांतूनच ठाऊक असत, आणि प्रत्यक्षात एखादी जोडी आलीच तर ती आखातातून किंवा विलायतेतून परतणाऱ्या नातलगाच्या सामानातून. आजही वापरलेला माल परदेशातून स्वतंत्रपणे मागवणे सोपे नाही, कारण भांडवली यंत्रसामग्रीखेरीज इतर जुन्या वस्तूंची आयात परकीय व्यापार धोरणान्वये निर्बंधित असून तिला परवानगी लागते. स्थलांतर करून परतणाऱ्याच्या घरसामानाला मिळणारी सवलत ही वेगळी बाब आहे. सारांश, देशात असलेला जुना माल हा जवळजवळ बंद हौदातील पाण्यासारखा एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहतो, आणि पुरवठा तोकडा असल्यामुळे विक्रेता मागेल ती किंमत रास्त भासू लागते.

या मर्यादित बाजारात काही नावांना दैवताचे स्थान आहे, त्यांपैकी दोहोंचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. पीटर वॉकर यांनी १९५७ साली बाजारात आणलेला क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, ज्यात शंकूऐवजी विद्युत्भारित पातळ पडदा कंप पावतो, मानवी कंठाच्या सच्चेपणाबाबत आजही आदर्श मानला जातो; नाट्यसंगीत किंवा ख्याल ऐकणाऱ्या माणसाने तो एकदा ऐकला की इतर सारे पेटीतून आल्यासारखे वाटू लागते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. पण त्या पडद्यावर हजारो व्होल्टचा भार असतो, त्याला भिंतीतील वीज अखंड लागते, आणि धूळ, दमट हवा व कमीजास्त होणारा विजेचा दाब हे त्याचे तीन उघड वैरी आहेत; ज्या गावात भारनियमन हा पंचांगाचाच एक भाग आहे आणि जेथे पालीला भिंतीवर मुक्त संचाराची मुभा आहे, तेथे हा पडदा केव्हा ठिणगी टाकील याचा नेम नाही. पुण्याच्या केडन्स या संस्थेने असाच विद्युत्भारित पडदा आणि नेहमीचा वूफर यांचा संकर करून उच्च कोटीच्या पेट्या बनवल्या व परदेशी रसिकांपर्यंत पोहोचवल्या, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे. तरीदेखील असल्या पेट्या जुन्या घ्यावयाच्या तर त्या पुण्या-मुंबईच्या माणसाने घ्याव्यात, जेथे पडद्याची दुरुस्ती जाणणारा माणूस हाकेच्या अंतरावर आहे.

दुसरे नाव बीबीसीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात आखलेल्या एलएस३/५ए या चिमुकल्या पेटीचे. बाहेरगावी प्रक्षेपणासाठी जाणाऱ्या मोटारीत बसून निवेदकाचा आवाज पारखता यावा एवढ्याच हेतूने ती बनवली गेली; केफचे बी११० व टी२७ हे दोन स्पीकर तिच्यात बसवलेले, आकार पुस्तकांच्या एका गठ्ठ्याएवढा. तिची किनार फोमची नाही, त्यामुळे ती टिकते, आणि तिचा स्वभाव मूळचाच बोलका असल्यामुळे कीर्तन, प्रवचन, भावगीत तिच्यातून फार सुंदर ऐकू येते. परंतु संग्राहकांच्या चढाओढीने तिची किंमत तिच्या गुणांच्या पुढे निघून गेली आहे, आणि तिची संवेदनशीलता जेमतेम ८२-८३ डेसिबल आहे. या आकड्याचा अर्थ व्यवहारात मोठा आहे: दर तीन डेसिबलच्या फरकाला अँप्लिफायरची शक्ती दुप्पट लागते, म्हणजे एकाच आवाजासाठी ९१ डेसिबलच्या पेटीला दहा वॉट पुरत असतील तर हिला सुमारे ऐंशी लागतील. स्पीकर घेणाऱ्यांपैकी फार थोडे हा हिशेब आधी करतात. बाकीच्यांचे अंदाजपत्रक पेटी घरी आल्यावर अँप्लिफायरने पुरते कोलमडते, किंवा अशक्त अँप्लिफायर ताणून ताणून ते ट्वीटर जाळून बसतात.

ऐकण्याच्या परीक्षेस आपण काय लावावे, याबाबत विलायती जाणकारांचे अनुकरण करण्याचे आपल्याला मुळीच प्रयोजन नाही. नांदेडात वाढलेल्या पं. नाथराव नेरळकरांसारख्या गायकाचे एखादे स्वच्छ ध्वनिमुद्रण घ्यावे आणि मागे चाललेल्या तंबोऱ्याकडे लक्ष द्यावे: जवारीचा रेशमासारखा झंकार तुटक ऐकू आला तर ट्वीटर थकला आहे. वारकरी भजनाची तबकडी लावावी. पखवाजाच्या कणीक लावलेल्या धुमेचा आवाज घुमून फुगत असेल तर पेटी सैल झाली आहे, आणि टाळांची किणकिण एकमेकांत मिसळून नुसता सळसळाट होत असेल तर वरच्या स्वरांत दोष आहे. संवादिनीचे सूर मधल्या पट्टीतील उणीव तत्काळ उघडी करतात. मात्र भास्करबुवा बखल्यांच्या काळातील ध्वनिमुद्रणांवरून पेटीला दोष देऊ नये. १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण येण्यापूर्वीच्या तबकड्यांवर खालचे व वरचे स्वर मुळात उतरलेलेच नाहीत, आणि मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळाच्या सभासदांसारखे जे रसिक त्या तबकड्यांतच रमतात, त्यांच्यासाठी मध्यम आकाराचा साधा स्पीकर पुष्कळ असतो. महाग पेटी त्यांना फक्त खरखर अधिक तपशीलवार ऐकवील.

आणि खोली. हा मुद्दा शहरी लेखक पडदे-गालिचांच्या उपदेशात गुंडाळतात. मराठवाड्याला त्याची गरज नव्हती. जाड मातीच्या भिंती, वर सागाच्या तुळया, त्यावर लाकडी किलच्या आणि मातीचा थर असे जे माळवदाचे घर आपल्या वाडवडिलांनी बांधले, त्याची माती आवाजाचा परतावा गिळते आणि तुळयांच्या उंचसखलपणामुळे तो विखुरला जातो. गुरुजींच्या घरातील जुनी माजघराची खोली अशीच आहे, आणि तेथे ट्रान्झिस्टरदेखील भारदस्त बोलतो. नव्या स्लॅबच्या खोलीत, गुळगुळीत फरशीवर तीच पेटी कर्कश होते, मग ती कितीही किमतीची असो. फक्त माळवदात पेटी ठेवताना वाळवी आणि उंदीर यांचा बंदोबस्त करावा लागतो, आणि पावसाळ्यात भुशाच्या दाबपट्टीची पेटी जमिनीपासून वर, पाटावर ठेवावी लागते. ओल लागली की ती खालच्या कोपऱ्याला फुगते व सांधे उकलतात, आणि तो दोष कोणत्याही मिस्त्रीच्या हाताबाहेरचा आहे. आवाजाच्या कायद्याची चिंता मात्र नको: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, तिचा रोख मांडवातील भोंग्यांवर आणि मिरवणुकीतील स्पीकरांच्या भिंतींवर आहे, बंद माजघरात तंबोरा ऐकणाऱ्या गुरुजींवर नव्हे.

आता नांदेडच्या जोडीविषयी. आमचा कौल असा आहे, की जुने उच्च कोटीचे स्पीकर इस्लापूरसारख्या गावी जरूर घ्यावेत, पण फक्त असे, ज्यांचा झिजणारा प्रत्येक भाग एका दिवसाच्या प्रवासाच्या टापूत पुन्हा बनवता किंवा मिळवता येईल. रबरी किंवा कापडी किनार, आठ ओहम, नव्वदीच्या आसपासची संवेदनशीलता आणि दोन्ही बाजूंचे मूळ ट्वीटर या चार गोष्टी जुळल्या तर निम्म्या किमतीच्या नव्या पेट्यांपेक्षा ते सरस ठरतील. ही जोडी त्यांपैकी दोन कसोट्यांवर उतरत नाही. किनारीचे भागते, ट्वीटरचे भागत नाही. विक्रेत्याने उजव्या बाजूचा मूळ जातीचा ट्वीटर आपल्या खर्चाने मिळवून दिल्यास, आणि किनार व कंडेन्सर यांचा खर्च मागितलेल्या किमतीतून वजा केल्यास, गुरुजींनी ती घ्यावी. अन्यथा तेवढ्याच पैशांत नवी, हमीपत्र असलेली जोडी आणून माजघरात मांडावी. हा अभिप्राय त्यांना आम्ही लेखी कळवला असून, हा मजकूर छापावयास जाईपर्यंत त्यांनी इसाऱ्याचा एक पैसाही दिलेला नाही.